काकूंच्या पाठीची टेस्ट ड्राइव्ह

माझ्या रूममेटची आई त्याच्या पीएचडीच्या कॉन्व्होकेशनला नागपूरहून येणार होती आणि तिच्या मणक्यातली एक चकती सरकलेली होती. म्हणून २००४ च्या एप्रिलमध्ये आम्ही दोघं पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात गाडी शोधायला लागलो. त्याआधीची तीन वर्षं आम्ही कॅम्पसच्या बसने फिरायचो आणि गाडीवाल्यांना नावं ठेवायचो.

काकूंचं विमान न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला उतरणार होतं. तिथून आमचं गाव चार तासांवर, मधे डोंगर. छोटं विमान गावापर्यंत येतं, पण काकू फोनवर म्हणाल्या, "एका विमानात बसते तेवढं पुष्कळ झालं." विमानात निदान उठून फिरता येतं, गाडीत नाही. आदल्या वर्षी त्या एका लग्नाला जीपने चंद्रपूरला जाऊन आल्या आणि तीन आठवडे आडव्या पडल्या. इथे तसं झालं असतं तर कॉन्व्होकेशन आमच्या अपार्टमेंटच्या कार्पेटवर पडून ऐकावं लागलं असतं. त्याच्या लहानपणी वडील गेले, आईने शाळेत शिकवून त्याला वाढवलं, गणितही तिनेच शिकवलं. ती खुर्चीत बसून बघणार नसेल तर आपल्याला ती डिग्री पोस्टाने पाठवली तरी चालेल, असं तो म्हणायचा.

डिपार्टमेंटमधल्या कुणीतरी सुचवलं की जुनी स्टेशन वॅगन बघा. स्टेशन वॅगन म्हणजे साधी मोटार मागून ओढून लांब केलेली. आमच्या बार्शीत अशी गाडी आली असती तर लोकांनी आधी विचारलं असतं, पेशंट कोण आहे.

दोन गाड्या मिळाल्या, किंमत जवळपास सारखीच. एक पियानो शिकवणाऱ्या बाईंची. आटोपशीर, सहा सिलिंडरची, सीट कडक आणि सरळ. दुसरी तिच्याहून सात वर्षं जुनी, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. आठ सिलिंडर, बाजूंना लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवलेला, आणि लांबी अशी की ड्रायव्हर चौक ओलांडून जायचा तरी मागची काच अजून सिग्नलपाशीच. आत सीट नव्हत्याच, सोफे होते. म्हातारा एकेक शब्द चघळून सोडायचा. "ही... चालत... नाही. तरंगते." हे वाक्य मी पुढे आठवडाभर घरात म्हणत होतो, भातावर वरण घेतानासुद्धा.

आता कुठल्या गाडीत पाठ दुखते हे बघायला पाठ तर हवी. ती नागपुरात होती. पण मला काकूंची नक्कल यायची. दर रविवारी स्पीकरफोनवर त्यांचा आवाज ऐकून ऐकून बसलेली. एकदा मी बाथरूममधून त्यांच्या आवाजात "काऊन रे, जेवला का?" विचारलं तर हा "हो आई" म्हणाला, आणि मग चप्पल घेऊन दारात उभा राहिला.

तर तो म्हणाला, "तू मागे बस बे. आई होऊन बस. कुठे दुखते ते सांग."

आधी पियानोबाईंची गाडी. हा चालवतोय, बाई त्याच्या शेजारी, मी मागे. हिवाळ्यातल्या बर्फाने रस्ते उखडलेले. पहिल्याच खड्ड्याला मी सुरू केलं, "आई गं... मेली रे बाप्पा मी." बाईंनी वळून बघितलं. तुमच्या मित्राला बरं नाही का, असं त्यांनी विचारलं.

"तो सध्या माझी आई आहे," हा म्हणाला.

बाई पुन्हा पुढे वळून बसल्या. गावाबाहेरच्या चढावर गाडीने गिअर बदलला, एक हिसका दिला, आवाज वाढवला, आणि वेग होता तेवढाच राहिला. थोडं वर गेल्यावर पुन्हा तेच. प्रत्येक हिसक्याला मी कण्हलो. खरं सांगायचं तर मला काहीच होत नव्हतं. पण हा स्टिअरिंगवर वाकून हसत होता, आणि समोरचा हसायला लागला की मी थांबत नाही. शाळेतही याच कारणासाठी वर्गाबाहेर असायचो.

मग म्हाताऱ्याची गाडी. खड्डा आला की ही आधी खाली जायची, मग वर, मग विचार करून अजून थोडी वर. चढावर म्हातारा फक्त "दाब" म्हणाला. याने दाबलं आणि गाडी निघाली. गिअर बदलल्याचं कळलंसुद्धा नाही, पेट्रोलचा काटा तेवढा खाली आल्यासारखा वाटला. कण्हायची वेळच आली नाही, कारण दहा मिनिटांत मी झोपलो होतो.

घरी येऊन आम्ही फ्रिजवर कागद लावला. ताकद: लाकडीला नऊ, पियानोला पाच. आराम: लाकडीला दहा, पियानोला तीन. आरामाचे मार्क माझ्या कण्हण्यावरून दिले होते. लाकडी गाडी आमची झाली.

मे महिन्यात, भर दुपारी, काकू नेवार्कला बाहेर आल्या. सुती साडीवर स्वेटर, पायात स्पोर्ट्स शूज. मला "जय भीम" म्हणाल्या, मीही म्हणालो. मग गाडी बघितली.

"एवढी कायले आणली रे? मी एकटीच आली ना."

"तू बस तर आई. तरंगते ही."

त्या मधल्या सोफ्यावर बसल्या आणि कमरेपर्यंत आत गेल्या. पहिला अर्धा तास गप्पा झाल्या, शेजारीण कशी विमानतळावर सोडायला आली आणि स्वतःच रडत बसली वगैरे. मग डोंगर दिसायला लागले आणि काकूंचा आवाज बंद झाला. मला वाटलं, झोपल्या असतील, माझ्यासारख्या. वळून बघितलं तर डोळे उघडे. एका हाताने दारावरचं हँडल घट्ट धरलेलं, दुसरा हात कमरेमागे घातलेला, आणि ओठ मिटलेले. ना "आई गं", ना "बाप्पा". महिनाभर मी ज्याची नक्कल करत होतो तसलं कण्हणं त्यांच्या तोंडून निघतच नव्हतं.

"थांबव," एवढंच म्हणाल्या.

हायवेवरच्या रेस्ट एरियात थांबलो. गाडीतून खाली उतरायला त्यांना दहा मिनिटं लागली. दाराला धरून उभ्या राहिल्या.

"आई, दवाखाना शोधू का?"

"गप. उभं राहू दे मले." मग म्हणाल्या, "कोणी निवडली ही गाडी?"

"काकू, आरामाचे मार्क मी दिले," मी म्हणालो.

"तुझी पाठ दुखते का?"

"नाही."

"मंग तुले परीक्षक कोणी केलं?" मग मोर्चा मुलाकडे. "अन् तू. मी घरी कशावर झोपते?"

"फळीवर."

"किती वर्षं झाली?"

"चार."

"मंग?"

"जीपने तुझी वाट लावली ना आई. म्हणून मऊ पाहिजे असं डोक्यात बसलं."

मला ही फळी नवीन होती. त्याला माहीत होती, पण गाडी म्हटल्यावर आठवली नाही. पियानोबाईंच्या कडक सीटला आम्ही दहापैकी तीन दिले होते, हे मी काकूंना सांगितलं नाही.

काकूंनी मग स्वतः तपासणी सुरू केली. पुढच्या सीटवर मूठ दाबली, मान हलवली. पाण्याची बाटली काढायला मी डिकीचं दार उघडलं, बॅग बाजूला केली, तर खाली गाडीच्या तळात एक पट्टा दिसला. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. म्हाताऱ्याने सांगितलं होतं, नातवंडांसाठीची सीट, घडी करून आत जाते, तोंड मागच्या काचेकडे. आम्ही तिच्यावर बसूनसुद्धा बघितलं नव्हतं. मी पट्टा ओढला. पत्र्यावर फळी, फळीवर बोटभर फोम, पाठ ताठ, दोन बेल्ट. काकूंनी वरून थापट्या मारल्या.

"हे चालते."

"आई, तोंड मागे होईल."

"मागचं मी बघते. पुढचं तू बघ."

बंपरवर आधी बूड टेकवून, मग पाय आत घेऊन त्या बसल्या. बॅगा मधल्या सोफ्यावर गेल्या आणि मी काकूंच्या शेजारी, गुडघे छातीशी घेऊन. पाचेक मैलांनी त्यांनी कमरेमागचा हात काढला. मोठा चढ लागला तेव्हा पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त मागचा रस्ता खाली खाली जात होता. काकूंनी विचारलं, "चढ लागला का?" लागून बराच वेळ झाला होता. हिसका नाही, कुरकुर नाही. फ्रिजवरचे ताकदीचे मार्क तेवढे बरोबर होते. पियानोबाईंची सीट पाठीला चालली असती, पण या घाटात त्या गाडीच्या इंजिनाने काकूंना जीपची आठवण करून दिली असती.

"तू माझी नक्कल करतो म्हणे," काकू मधेच म्हणाल्या.

"कोण म्हणालं?"

"माह्या पोराच्या पोटात काही राहते का? कर."

मी "काऊन रे, जेवला का?" केलं. त्यांनी तोंडी परीक्षेसारखं ऐकलं. "'रे' जास्त लांबवला. बाकी ठीक आहे. अन् पाठ दुखल्याची कशी करतो?"

"ती नाही जमत, काकू."

"बरं," म्हणाल्या आणि डोळे मिटले.

पुढचे दोन दिवस त्या कार्पेटवर सतरंजी टाकून पडून होत्या आणि आम्ही दोघं आवाज न करता भांडी घासत होतो. तिसऱ्या दिवशी कॉन्व्होकेशन. हॉलमध्ये लोखंडी घडीच्या खुर्च्या. दुसऱ्या तासाला आजूबाजूचे आईबाप खुर्चीत चुळबुळ करायला लागले, एक आजोबा चक्क कोटाची घडी करून त्यावर बसले. काकू पाठ ताठ ठेवून स्टेजकडे बघत होत्या. त्याचं नाव पुकारलं, तेही चुकीचं. काकूंनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली आणि कशालाही न धरता उभ्या राहिल्या.