आधी हिच्या इलाजाचं बोला

नव्वदच्या सुमारास मी बदनापूरहून जालन्याला रोज पॅसेंजरने परतत असे. एका संध्याकाळी डब्यात कॉलेजच्या मुलींचा कबड्डी संघ भेटला. औरंगाबादहून सामने जिंकून आलेल्या मुली गाणी म्हणत होत्या. त्यांची कप्तान मात्र खिडकीशी गप्प बसली होती. मैत्रिणीचा पट्टी बांधलेला पाय तिने मांडीवर घेतला होता, आणि गाडीला हिसका बसला की ती दोन्ही हातांनी तो अलगद उचलून धरी.

"फार लागलंय का?" मी विचारलं.

"गुडघा गेला, काका. खेळाचे सर म्हणतात, खर्चा घरच्यांनी करावा. खेळली कॉलेजसाठी, मंग घरच्यांनी का करावा?"

जालन्याच्या फलाटावर प्राचार्य हार घेऊन उभे होते. तिने आधी मैत्रिणीला बाकावर नीट बसवलं. प्राचार्य हार घालायला पुढे झाले, तशी ती मागे सरली.

"आधी हिच्या इलाजाचं बोला, सर."

"बघू. उद्या ऑफिसात ये."

"उद्या न्हाई, सर. आम्ही काय उपकार मागून राह्यलो का? हक्काचं हाये ते."

तिचा आवाज जराही चढला नव्हता. बाकीच्या मुली येऊन तिच्यामागे उभ्या राहिल्या. शेवटी सगळा खर्च कॉलेज करील, असं प्राचार्य सर्वांदेखत म्हणाले.

इतक्या शांतपणे हक्क मागताना मी तोवर कुणाला पाहिलं नव्हतं. तिने हारासाठी मान पुढे केली, आणि लगेच वळून मैत्रिणीला उठायला हात दिला.