माणसं मोजून वाटलेला मासा

तांजोंग पगारच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या त्या मोठ्या हॉलमध्ये, दुपारी जागा मिळत नाही, म्हणून मी एका अनोळखी गृहस्थाच्या टेबलाशी बसले. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. वाफवलेल्या अख्ख्या माशाचे तो चमच्याने सारख्या आकाराचे तुकडे करत होता. एक त्याने शेजारच्या म्हाताऱ्या चिनी अंकलच्या वाटीत ठेवला, दुसरा माझ्या भातावर.

"मी मागितला नव्हता," मी म्हणाले.

"आमच्याकडे मागत नाहीत, सिस्टर. गावात आलेला मासा माणसं मोजून वाटतात."

तो टोकेलाऊचा. पॅसिफिकमधली तीन सपाट बेटं, न्यूझीलंडच्या अखत्यारीतली. विमानतळ नाही, सामोआहून बोटीनेच जायचं. सरकारचा प्रमुख दरवर्षी बदलतो, एकेका बेटाची पाळी. मोठी कमाई परदेशी बोटींना मासेमारीचे परवाने देऊन. हा त्याच परवान्यांचं काम बघायचा. इथे प्रशिक्षणाला आला, तर एका कंपनीने नोकरीच देऊ केली. संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"घ्या की," मी म्हणाले. "मीही पुण्याहून अशीच आले."

"आई वाटणीच्या जागी रोज सांगते, मुलगा परत येतोय. म्हणून माझाही वाटा निघतो. मी इथे राहिलो, तर तिलाच सांगावं लागेल, एक कमी करा."

पगार, पेन्शन, दवाखाने, माझ्याकडे बरेच मुद्दे होते. आईच्या या मोजणीपुढे एकही चालेना.

त्याने फोनवर कंपनीला चार ओळी लिहिल्या आणि माझ्यापुढे धरल्या. "नकार उद्धट तर वाटत नाही ना?"

थोडा वाटत होता. मी तो नीट करून दिला आणि माझ्या वाट्याचा मासा संपवला.