समोर बसून लिहिताना

खोबरेल तेलाचा वास आला की मला आईचा तळहात आठवतो. तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेल्यावर जगाची वार्ता तिला माझ्या बोटामुळेच कळते, असे मी अभिमानाने मानत असे. रोज तिच्यासमोर बसून, तळव्याला तेल चोळून, मी त्यावर एकेक अक्षर रेखाटत असे: खाली बहावा फुलला आहे, खाडीवरून वारा सुटला आहे. ती मान डोलवी. ती दाद समजून मी वाक्ये आणखी लांबवत असे.

घणसोली गावातून तिच्या मदतीला येणाऱ्या मावशी एकदा तिच्या शेजारी टेकल्या आणि तळव्यावर त्यांनी ‘चहा’ एवढेच लिहिले. आई लगेच म्हणाली, “साखर कमी घाला.”

मी थक्क झाले. मावशींना हसू आवरेना. “ओ ताई, तुमी समोरून लिवता. आजींना सगलं उलटं लागतं ना!”

म्हणजे तीन महिने माझे काव्य तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते आणि त्या अंधारात ती एकटीच होती. मी तिच्या शेजारी सरकले आणि सुलट अक्षरांत विचारले, “आधी का नाही सांगितलेस?”

माझे बोट हलकेच धरून ती म्हणाली, “रागावतेस.”