हाक पोहोचणार नाही असं गाव

"मला कुठंही न्या, फक्त तिथं कुणी मला हाक मारायला नको," राजश्री एकदा नवऱ्याला म्हणाली होती.

तिच्या सुट्टीची दुपार होती. भाईंदरजवळच्या मोरवा गावातल्या बैठ्या चाळीत, भाड्याच्या खोलीत, ती जेवून आडवी झाली होती. मिठागरांवरून खारा वारा येत होता आणि पत्रे हलत होते. बाहेर शेजारच्या पोरीने आपल्या आजीला हाक मारली, आणि राजश्री झोपेतच उठून उभी राहिली. डोळे मिटलेले. दोन्ही हात पुढे, कुणाच्या तरी काखेत घालून त्याला उचलायचं असावं तसे. जीवन दाराशी बसून नखांतलं काळं काढत होता. त्याने उठून तिला खांद्याला धरून खाली बसवलं. तिने डोळे उघडले, बराच वेळ आपल्याच हातांकडे पाहिलं आणि मग ते वाक्य म्हटलं. पुन्हा झोपली. जीवनला मात्र त्यानंतर त्या खोलीत बसवेना.

राजश्री पेशंट सांभाळायची. घरोघरी बायका पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत, चोवीस तासांची ड्युटी. जिंतूरकडच्या गावातून लग्न होऊन ती इकडे आली तेव्हा आधी घरी बसून खोट्या दागिन्यांचे मणी ओवायची. मणी ओवून डोळे दुखायला लागले, पोरगी शाळेत जायला लागली, तेव्हा कुणीतरी ब्युरोचा पत्ता दिला. तेव्हापासून तिने किती म्हाताऱ्या माणसांना शेवटापर्यंत नेलं ते तिलाही सांगता आलं नसतं. पहिल्या दिवशी घरचे लोक चहापत्ती कुठे आणि डायपर कुठे ते दाखवत. शेवटच्या दिवशी ती अंग पुसायची, केस विंचरायची, गादीवरचं प्लास्टिक धुऊन वाळत टाकायची आणि पाहुणे यायच्या आत निघायची, कारण मग घरात बसायला जागा उरायची नाही. "येत जा गं," असं दारात कुणीतरी म्हणायचंच. रिक्षात बसेपर्यंत ब्युरोचा फोन यायचा. पुढचं घर, पुढचा पलंग.

सध्याचं घर बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीत होतं. आजींची एक बाजू अर्धांगाने गेली होती, बोलणंही गेलं होतं. एकच शब्द उरला होता. राजू. राजश्रीला त्या राजू म्हणत. दिवसा म्हणत, रात्री म्हणत, ती समोर बसलेली असली तरी म्हणत. ती जवळ गेली की नुसत्या तिच्याकडे पाहत राहत. काही नको असायचं.

जीवन भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशच्या मशीनवर होता. तोंडाला फडकं बांधूनही संध्याकाळी थुंकी काळी यायची. पण त्याला निदान संध्याकाळ होती. राजश्रीला ती नव्हती. हे त्याला आधीही ठाऊक होतं. त्या दुपारनंतर ते त्याच्या मागे लागलं.

फिरायला जाणं ही गोष्ट त्यांच्या घरात नव्हती. सहा डिसेंबरला दादर, एकदा नागपूर, एकदा महाड, भाकऱ्या बांधून, वस्तीतल्या सगळ्यांबरोबर. त्या जाण्याने छाती भरून यायची. पण ते जाणं अख्ख्या समाजासाठी होतं, त्यात एका बाईने पाय पसरून पडावं अशी जागा नव्हती. आता जीवनला तशी जागा हवी होती, आणि ती परवडायलाही हवी होती.

गाळ्यात त्याच्या शेजारच्या मशीनवर कोंडिराम होता. वयाने मोठा, म्हणून सगळे त्याला मामा म्हणत.

"उत्तनला ने की," कोंडिराम म्हणाला. "रिक्षात बसलात की पोचलात. बोंबील खा, समुद्र बघ, संध्याकाळी घरी."

"राहायचंय मामा. दोन-तीन दिवस."

"राहायचं? घरात काय खिळे टोचतायत तुला?"

"तिला झोपायचंय."

"मग गावाला ने. गावात काय, झोपच झोप."

जीवन नुसता हसला. गावात ती कुणाची वहिनी, कुणाची मामी, कुणाची धाकटी काकू. पिशवी खाली ठेवायच्या आत चार नाती चार बाजूंनी बोलावणार, आणि संध्याकाळी चुलीपुढे तीच.

"बरं, मग ट्रॅव्हल्सचं महाबळेश्वर कर."

"ते पहाटे दार वाजवून उठवतात. पॉइंट दाखवायला."

"मग तुझ्या बायकोला मसणातच शांतता रे बाबा," असं म्हणून कोंडिराम मोठ्याने हसला. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि तो मुकाट्याने पातेलं फिरवत राहिला.

तरी जीवनने उत्तन एकदा पाहून घेतलं. लॉजच्या खोल्यांना खिडक्या होत्या, पण खालच्या मंडपात गाणी लावलेली. किनाऱ्यावर काठ्यांवर मासळी वाळत होती आणि एक म्हातारी कोळीण तिच्यावरचे कावळे हाकत होती. त्याने तिला विचारलं, इथं कुठं निवांत खोली मिळेल का?

"निवांत?" म्हातारी म्हणाली. "हितं शनवार-रविवार पोरं येतात दारू पियाला. निवांत न्हाय बाबा, हितं मासली हाय."

शेवटी डहाणूच्या बाजूला भांडी पोहोचवणाऱ्या टेंपोवाल्याने एक नंबर दिला. बोर्डीला एक निवृत्त गुरुजी चिकूच्या वाडीतली खोली देत असत. आठवड्याच्या मधल्या दिवसांत भाडं अगदी माफक. जीवनने जेवणाच्या सुट्टीत फोन लावला.

"खोली आहे," गुरुजी म्हणाले. "पंखा आहे, टीव्ही नाही. जेवणाचा डबा आमच्याकडून येईल. दाराबाहेर ठेवून जाऊ."

"तिथं हाका मारतात का?"

"कोण?"

"कुणीही."

"रात्री कोल्हे ओरडतात," गुरुजी सावकाश म्हणाले. "पण नाव घेऊन नाही."

पुढच्या सुट्टीला त्याने हे राजश्रीला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला पदराने डोळे पुसावे लागले.

"कोल्हे चालतील," ती म्हणाली. "समुद्र किती लांब आहे?"

"वाडी संपली की समुद्रच."

"मी चमचापण विसळणार नाही हं. आधीच सांगते."

"नको विसळूस."

"आणि तुम्ही मला उठवायचं नाही. मेले का बघायलासुद्धा नाही."

त्यानंतर रोज संध्याकाळी, आजींना भरवून झालं की, तिचा छोटा फोन यायचा. पंखा वरचा आहे की टेबलावरचा? वाळूत साप असतात का? पोरगी आरोही नाशिकला नर्सिंगला होती, तिलाही तिने कळवलं होतं. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदा पुढचं काही विचारलं होतं.

अडचण बदलीची होती. एका दिवसाची सुट्टी घरचे निभावून नेत; तीन दिवसांची घ्यायची तर ब्युरो दुसरी बाई पाठवणार, आणि त्या तीन दिवसांत ती बाई घरच्यांना आवडली की राजश्रीच्या हातचं ते घर गेलं. असं पूर्वी झालं होतं. शिवाय तिने सुट्टी मागितली की मिनल मॅडम, म्हणजे आजींच्या सूनबाई, नकार देत नसत. गप्प होत. ती चुप्पी मग आठवडाभर घरात बसून राहायची. राजश्री विषय काढायला कचरत होती. जीवनला वाटलं, आपण जाऊन बोलावं. पुरुषमाणूस बोलला की काम होतं. तिला न सांगता, धुतलेला शर्ट घालून तो एका रविवारी बेव्हर्ली पार्कला गेला.

मिनल मॅडमनी त्याला सोफ्यावर बसवलं. चहा दिला. आतल्या खोलीतून पाण्याचा आवाज येत होता. राजश्री आजींना अंघोळ घालत होती. नवरा बाहेर येऊन बसलाय हे तिला माहीत नव्हतं.

"तीन दिवस?" मिनल म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं होतं. "जीवनभाऊ, खरं सांगू? आम्हालाही वर्ष झालं बाहेर पडून. ह्यांच्या मित्राचा बंगला आहे पाचगणीला, रिकामा पडलाय. पण आईंना सोडून कसं जाणार, आणि राजश्रीशिवाय आईंना कसं नेणार?" मग तिचा चेहरा एकदम उजळला. "तुम्हीपण चला ना! दोघंही. राहणं, जेवण, गाडी, सगळं आमचं. तिलाही तेवढाच बदल."

आतून हाक आली. राजू. पाण्याचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

जीवनने ती हाक ऐकली. तरीही तो बंगला त्याच्यापुढे उभा राहिला. गॅलरी, दरी, धुकं. बदली नको, घर जायची भीती नको, भाड्याचा विचार नको. आजी काय, निम्मा दिवस झोपेतच असतात. हे सगळं त्याने राजश्रीसाठी मनात मांडलं. पण खरं म्हणजे त्या क्षणी त्या गॅलरीत तो एकटाच उभा होता, तोंडाला फडकं न बांधता, थंड हवा ओढत. भाऊ म्हणून आजवर त्याला अशा घरात कुणी बोलावलं नव्हतं.

"चालेल," तो म्हणाला. "खुर्ची उचलायला मी आहेच. फक्त तिला तुम्ही सांगू नका मॅडम. मी सांगतो."

"सरप्राइज? मज्जा आहे हो राजश्रीची," मिनल म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

फोनवर त्याने राजश्रीला एवढंच सांगितलं, सुट्टीचं झालं, बदलीचं मॅडम बघतायत. तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी भांडलात?" तो हो म्हणाला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी, एक रात्र आम्ही बघतो असं मॅडमनी म्हटल्यावर, ती घरी आली. तो जेवताना सांगणार होता, पण ताट समोर असतानाच तिला झोप लागली. सकाळी उठून पाहतो तर तिने अंघोळ केलेली, चाफ्याच्या रंगाचा नवा ड्रेस घातलेला, आणि पाठमोरी बसून ती वेणी घालत होती.

"बोर्डी नाही," तो म्हणाला. "त्याच्यापेक्षा भारी. पाचगणी."

"एवढ्या लांब? आणि गुरुजींची खोली?"

"सोडली ती. बंगला आहे अगं. गॅलरीतनं दरी दिसते. गाडीनं जायचं, गाडीनं यायचं, जेवणखाण सगळं..."

"कुणाची गाडी?"

तो हसायला गेला, पण हसू काही नीट आलं नाही. "मॅडमची."

वेणीतले हात थांबले. "आजी?"

"त्यांना न्यावंच लागणार ना. घरात कोंडून ठेवणार का?"

"रात्री त्यांच्या खोलीत कोण झोपणार?"

"तू. म्हणजे, तशी तू इथंही..."

"आणि तुम्ही?"

"मला खाली खोली आहे. पण दुपारी त्या झोपल्या की दोन तास तुला मोकळे, मॅडम स्वतः म्हणाल्या. आपण पॉइंट बघून येऊ. अगं, बदलीची भानगड नाही, घर जायची भीती नाही."

"मला विचारलं का नाही?"

"तू नाही म्हणाली असतीस."

हे त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि ते त्यानेही ऐकलं. बाहेर नळावर कुणीतरी बादली आपटली. राजश्री वळली नाही. तिने अर्धी वेणी तशीच सोडली, केसांचा साधा अंबाडा घातला.

"आता नाही म्हटलं तर हे घर जाईल," ती म्हणाली. "आरोहीची फी भरायचीय." गॅसचं बटण बंद आहे ना ते पाहावं, तसा तिने तो हिशोब मनाशी एकदा तपासून घेतला.

मग ती पडद्यामागे गेली. नवा ड्रेस काढून, घडी घालून तिने ट्रंकेत ठेवला. रोजचा विटका ड्रेस घातला. पिशवीत ब्युरोचा पांढरा कोट, हातमोज्यांचा खोका, बाथरूमच्या सपाता, आजींसाठी मऊ फडकी. जीवन बोलत होता. तिकडे थंडी असते म्हणाला, शाल घे. चुकलंच माझं, म्हणाला. पण तुझ्यासाठीच केलं ना, म्हणाला, आणि हे वाक्य खोटं आहे हे त्या खोलीत दोघांनाही दिसत होतं.

त्याचा फोन वाजला. "जीवनभाऊ, आम्ही नाक्यावर आलोय हं. या दोघं," मिनलचा आवाज अगदी आनंदात होता.

त्याने आपली बॅग उचलली आणि चपला पायात सरकवल्या. राजश्री त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिने त्याच्या हातातून बॅग काढून घेतली. हिसकावली नाही. पेशंटची घट्ट वळलेली मूठ सोडवायची तिला सवय होती, एकेक बोट सैल करत. बॅग तिने खाटेवर ठेवली, तिच्यावर त्याची शाल ठेवली. आपली पिशवी खांद्याला लावली.

तो दारात उभा होता. तिने तो बाजूला होईपर्यंत वाट पाहिली. मग उंबरा ओलांडून, नळावरच्या बायकांमधून वाट काढत, ती नाक्याकडे चालू लागली.