चौकातले तीन सिंह

हे मी माझ्या पत्नीजवळही कधी उच्चारले नाही. ती गेली; आता ऐकायला तुम्हीच उरलात. आमच्या चौकातल्या अशोकस्तंभाविषयी गावात जे सांगितले जाते ते सारे खोटे आहे — आणि ते खोटे आहे हे माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही.

कोणी म्हणतात, धाकू मिस्त्री दारू पिऊन काम करी. त्याने जन्मात दारूला स्पर्श केला नाही. कोणी म्हणतात, परवान्यावर मिळालेले सिमेंट त्याने बोर्ली पंचतनच्या बाजारात विकले, म्हणून एक सिंह कमी पडला. बाष्कळपणा! गोणी शाळेत होत्या, माझ्या कुलपात. मग सारनाथच्या स्तंभावर चार सिंह असताना आमच्या स्तंभावर तीनच का? सांगतो. थोडे थांबा — थकलो आहे.

देश प्रजासत्ताक झाला, त्याच्या पुढल्या वर्षी गावाने स्तंभ उभारायचे ठरवले. मी मुख्याध्यापक, नमुना मीच दिला — सरकारी लखोट्यावरचा छाप, समोरून दिसणाऱ्या तीन सिंहांचा, चौकटी आखून मोठा केलेला. धाकू एरवी गवंडीकाम करी आणि भाद्रपदासाठी गणपती. गणपती भिंतीला टेकून बसतो, त्याची पाठ कोणी पाहत नाही. पण हे काम चौकाच्या मधोमध उभे राहणार, हे त्याला दिसले. मला दिसले नाही.

"गुरुजी, मागं काय हाय?" त्याने विचारले. "लोक फिरून बगतील."

मला ठाऊक नव्हते. एवढेच म्हणायचे होते ना? पण मी म्हणालो, "सरकारने छापले आहे तेवढे कर. तुला सरकारहून अधिक कळते?" त्याने मागची बाजू थापीने गुळगुळीत केली.

अनावरणाला सारे गाव लोटले. नारळ फुटला. नुकत्याच काशीयात्रेहून परतलेल्या यमुनाकाकू देवाला घालावी तशी स्तंभाला प्रदक्षिणा घालू लागल्या, आणि मागे जाऊन थबकल्या.

"अगो बाई! तिकडं सारनाथला तर चार हाईत. ह्यांतला चौथा कुठं गेला, गुरुजी — शिकारीला?"

चौक हसला. आणि मी — मी धाकूकडे बोट केले. "अडाण्याच्या हाती काम दिले की असे होते," म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. त्याची मुलगी माझ्या शाळेत दुसरीत होती. हे त्याला त्या क्षणी आठवले असेल का? मला आठवले होते.

"व्हय," तो म्हणाला. "चुकलो."

ज्याला सिंह मोजता येत नाहीत तो गणपतीला दोन सोंडा लावील, असे लोक म्हणू लागले. मी ऐकत होतो. एका शब्दाने ते थांबले असते. तो शब्द मी काढला नाही. भाद्रपद आला तेव्हा धाकूच्या पडवीत रंगवलेल्या मूर्ती ओळीने तशाच होत्या. गाव गणपती आणायला बोर्लीला गेले. पुढल्या वर्षी बिऱ्हाड मोडून तो मुंबईला गेला. त्यानंतर मला दिसला नाही.

तो जाण्याआधीच्या त्या चतुर्थीला माझ्या घरचा गणपतीही मी बोर्लीहून आणला. वाट धाकूच्या पडवीवरूनच होती. तो उठून उभा राहिला, मूर्तीला हात जोडले. मी थांबलो नाही.