दही फक्त त्याच्या हातावर

ऐंशीच्या दशकात टेक्सासमधल्या शाळेत मी आणि माझ्या जुळ्या भावानं मिळून वर्गात दंगा केला. मुलगी म्हणून मला नुसती समज दिली. त्याला लाकडी फळीचे फटके. संध्याकाळी तो उभ्यानंच जेवला. "मुलगा आहे, सोसेल," बाबा म्हणाले. असा संताप आला मला!

अठरा पूर्ण झाल्यावर, पुढे युद्ध झालंच तर सैन्यात बोलावता यावं म्हणून सरकारकडे नाव नोंदवायला त्यालाच पोस्टात जावं लागलं. मुलींना ती सक्ती नव्हती. "नुसतं कार्ड भरायचंय, मॉम," त्यानं सांगून पाहिलं. पण तो लढाईवरच निघाल्यासारखं आईनं त्याच्या हातावर दही घातलं. घरात खाणं कायम दोघांना सारखं मिळायचं, म्हणून सवयीनं मीही हात पुढे केला.

"तुला कुठं जायचंय?" आई म्हणाली, आणि तिला हुंदका आवरेना.