ओल्या शिरेवर वार्निश

आष्टीकडच्या त्या गावात बंकटला आडनावानं कुणी हाक मारत नसे. बंकट कमानगर म्हटलं की झालं. निजामाच्या काळात त्याचा पणजोबा कुण्या जहागीरदाराच्या शिकारीसाठी धनुष्यं करायचा, तेव्हापासून हे नाव घराला चिकटलेलं. शिकारी गेल्या, जहागीरदार गेले, नाव तेवढं राहिलं, आणि बंकटला त्या नावाचा भारी तोरा. वर्षाकाठी दोन-चार धनुष्यं खपायची, एखादं दसऱ्याला, एखादं जत्रेतल्या नाटकवाल्यांना. बाकी पोट चालायचं ते कुऱ्हाडीचे दांडे बसवून आणि औतं दुरुस्त करून. पण कुणी चुकून सुतारमामा म्हणालं की स्वारी दिवसभर घुश्शात.

काम मात्र खरंच नाव घेण्यासारखं होतं. लाकूड धामणीचं. त्याच्या पाठीवर मेलेल्या बैलाच्या पायातली शीर बसवायची. शीर वाळवायची, कुटायची, तिचे धागे सोडवायचे, ते सरसात बुडवून पाठीवर एकावर एक थापायचे. हे काम बायकोचं, विमलबाईचं. तिची बोटं त्यात तरबेज. शीर नीट वाळली की लाकडाला असं आवळून धरते की कितीही ओढा, मोडायचं नाव नाही. पण पाणी हा तिचा वैरी. ओल लागली की सरस सुटतो, शीर उठते आणि सगळा ताण एकट्या लाकडावर येतो. म्हणून वरून काय लावायचं, याची या घरात फार चिकित्सा. जवसाच्या तेलानं ओल थांबत नाही. लाख वाकवल्यावर तडकते. नुसतं मेण उन्हात पाझरतं. खरं ते करडईचं रोगण. गावाबाहेर चूल मांडून तेल मंद आचेवर शिजवत बसायचं, काकवीसारखी तार सुटेपर्यंत. मग तळहातानं एकेक पातळ हात द्यायचा आणि तो सावलीत वाळेपर्यंत थांबायचं.

आणि रोगणाचा पहिला हात देण्याआधी गालाची परीक्षा. पहाटे, ऊन वर यायच्या आत, धनुष्याची पाठ गालाला लावायची. गार लागली तर आत ओल आहे. परत टांगून ठेवायचं. पणजोबापासून हा नियम कुणी मोडला नव्हता.

बंकटला एकच मुलगी, शिवकन्या. नववीत होती. बापाची धनुष्यं ओढून बघता बघता तिचा नेम असा बसला की शाळेतल्या खेळाच्या कल्याणराव सरांनी बोटं तोंडात घातली. घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागल्याची ती वर्षं. जिल्ह्याच्या गावी मुलींची निवड होणार होती. निवडल्या गेलेल्या पोरींनी सरकारी वसतिगृहात राहायचं, तिथंच शिकायचं, तिथंच खेळायचं. सर स्वतः घरी सांगायला आले. ज्येष्ठ लागला होता आणि निवड श्रावणात होती.

इकडे बंकटची थोरली बहीण सुंदरबाई हटून बसलेली. तिच्या पोराला शिवकन्याच पाहिजे. आत्याचा हक्क तो. पोरगा ऊसतोडीला जायचा. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि जोडी असल्याशिवाय मुकादम कामावर घेत नव्हता. "दसऱ्याच्या आत उरकून टाक," सुंदरबाई म्हणायची. "पोरगी घरात ठिवून काय लोणचं घालतोस का?"

आपल्या पोरीनं पहाटेच्या थंडीत उसाच्या पाचटात उभं राहायचं, मोळ्या डोक्यावर वाहायच्या आणि विशीच्या आत दोन लेकरं पाचटावर निजवायची, हे बंकटला डोळ्यांपुढं दिसायचं. आक्काला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. वसतिगृह ही एकच वाट होती.

निवडीला धनुष्य ज्याचं त्यानं न्यायचं होतं आणि घरात तयार एकही नव्हतं. त्यानं ठेवणीतली धामण काढली. विमलबाईनं शीर बसवली. जीव ओतून बसवली, हे सांगायला नकोच. पण शीर बसवायची ती कार्तिकात, म्हणजे हिवाळा-उन्हाळा खाऊन चैत्रापर्यंत खडखडीत होते. ही बसली ज्येष्ठात आणि लगोलग आभाळ भरून आलं. रोज पहाटे बंकट गाल लावायचा. रोज गार.

"आबा, र्‍हाऊ द्या," एक दिवस शिवकन्या म्हणाली. "पुढल्या साली जाईन की. नीट वाळू द्या, मग रोगण लावा."

"पुढल्या साली तू कुठं असशील, तुला ठावं हाय का?" तो खेकसला. पोरीला ते ठाऊक होतं.

मग बंकटनं ते केलं जे त्याच्या घरात कुणी केलं नव्हतं. धनुष्य चुलीवरच्या आढ्याला टांगलं. आठवडाभर धूर आणि ऊब खाऊन पाठ वरवर कोरडी झाली. मग त्यानं गाल लावला तो पहाटे नाही, भाकरी थापून झाल्यावर, चूल पेटलेली असताना. पाठ गरम लागली. लागणारच! त्याला हे कळत नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्याला चांगलं कळत होतं.

रोगणाला तर आता वेळच नव्हता. आष्टीच्या बाजारात नवं रंगाचं दुकान झालं होतं. तिथल्या पोऱ्यानं काऊंटरवर डबा आपटला. "हे घ्या मामा, परदेशी वार्निश. रात्री लावा, सकाळी काचेवानी. पाण्याचा थेंब आत जायचा न्हाई."

थेंब आत जाणार नाही, हे खरंच होतं. पण आतला बाहेर तरी कसा येणार? हा विचार बंकटच्या मनात आलाच नाही असं नाही. आला, आणि त्यानं तो झटकला. तीन हात दिले. धनुष्य असं झळकलं की सगळी आळी बघायला आली. विमलबाईनं बोटानं दाबून बघितलं.

"अवो, आतून मऊ लागतंय."

"तू गप बस," तो म्हणाला.

निवडीच्या दिवशी मैदानावर झिमझिम होती. बाकीच्या पोरी बांबूची धनुष्यं घेऊन आलेल्या. शिवकन्याचं धनुष्य पाहून लोक गोळा झाले. कल्याणराव सर ज्याला त्याला सांगत सुटले, "हे आमच्या गावचे कमानगर. निजामाच्या काळापासूनचं घर." बंकट मैदानाभोवतीच्या दोरीबाहेर छाती काढून उभा. दोन-तीन पालकांनी तर तिथंच विचारलं, आमच्या पोरीला असं कराल का? त्याला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पहिले बाण नेमके बसले. निवड करणारे साहेब जवळ येऊन उभे राहिले. शिवकन्यानं पुन्हा दोरी ओढली आणि काड् असा आवाज झाला. वार्निशचा पापुद्रा फुटून पाठीवरची शीर सालीसारखी उचकटली आणि धामण मधोमध मोडली. तिच्या हातावर ढलपी घुसली, रक्त आलं. ती रडली नाही. तुकडे हातात धरून उभी राहिली.

साहेब माणूस कडक, पण सरळ होता. तो दोरीबाहेरच्या बंकटपाशी आला.

"तुम्हीच केलंय ना हे? मला एकच सांगा. काम कच्चं होतं का? तसं असेल तर पोरीचा दोष नाही. मी तिला आमच्याकडचं धनुष्य देतो, पुन्हा मारू दे. पण तिनं हिसका देऊन मोडलं असेल तर मी घेणार नाही. सामान मोडणाऱ्या मुली मला नकोत."

बंकटनं इकडंतिकडं बघितलं. ते पालक बघत होते. कल्याणराव सर बघत होते. एक शब्द बोलायचा होता. होय. बास, तेवढाच. त्या एका शब्दावर पोरीचं सगळं आयुष्य होतं आणि त्याला ते समोर लख्ख दिसत होतं. पण माणसाचा तोरा मोठा हरामखोर असतो. माणूस मेल्याशिवाय तो मरत नाही.

"काम पक्कं हाय, साहेब," बंकट म्हणाला. "कमानगराचं काम हाय."

साहेबांनी मान हलवली आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

येताना एसटीत दोघं शेजारी बसले. तुकडे शिवकन्याच्या मांडीवर होते. घरी विमलबाईनं विचारलं, काय झालं? बंकट म्हणाला, हिनं लई ओढलं. शिवकन्यानं ऐकलं आणि हाताची चिंधी सोडून नवी बांधायला घेतली. बापाला तिनं तोंडावर खोटं पाडलं नाही.

रात्री त्यानं तुकडे नखानं खरवडले. वार्निशखाली सरस चिकट, ओला. शिरेला वास सुटला होता.

भाद्रपद सरायच्या आत, मुहूर्त न बघता, देवळापुढं लग्न उरकलं. दसरा झाला आणि मुकादमाचा ट्रक गावात आला. भांडी, पाल, गाठोडी, शेळ्या, सगळं वर चढलं. शिवकन्या नव्या हिरव्या लुगड्यात गाठोड्यांवर बसली होती. मांडीशी कोयता.

बंकट ट्रकच्या फळीला धरून उभा राहिला.

"पोरी, त्या दिशी मी..."

"आबा," ती हळूच म्हणाली. रागानं नाही, हेच वाईट. "साहेबांनी तुमाला इचारलं तवा मी तुमच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, आता म्हनतील."

ट्रक हलला. बंकट मागं धावला. धोतराचा सोगा सुटला तरी धावतच होता आणि ओरडत होता, "काम कच्चं होतं! माझं काम कच्चं होतं!" ट्रकमधल्या बायकांनी ते ऐकलं, वेशीवर बसलेल्या माणसांनी ऐकलं, सुंदरबाईनंही ऐकलं. आता सगळ्या गावानं ऐकलं तरी त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.